कुटुंबकथा लिहिताना: आधी हिशेबाचं पान, मग पहिलं वाक्य

एका दिवाळी अंकाकडे येणाऱ्या कथांचं पहिलं वाचन गेली काही वर्षं माझ्याकडे असतं. बहुतेक कथा घरातल्याच असतात. आई आणि मुलगी, दोन भाऊ, सासू-सून, परदेशातला मुलगा, निवृत्तीनंतर एकमेकांचं तोंड नव्याने पाहणारे नवरा-बायको. भाषा बरी असते, कळकळ खरी असते, आणि तरी तिसऱ्या पानावर कथा बसते.

कारण जवळजवळ प्रत्येक वेळी तेच. “आईची किंमत ती गेल्यावर कळते” असं काहीतरी आधी ठरलेलं असतं आणि मग ते सिद्ध करायला माणसं गोळा केलेली असतात. घरातली माणसं मात्र एकमेकांशी भावनेने कमी आणि देण्याघेण्याने जास्त बांधलेली असतात. कोणी कोणासाठी काय केलं, कोणाचं काय बाकी आहे, कोण ते बोलून दाखवतं आणि कोण गिळतं. हे मांडलं की भावना आपोआप वर येते. म्हणून खालचा क्रम पाळा. टप्पे मागेपुढे केले की चूक परत तिथेच होते.

पूर्ण लेखात एकच उदाहरण घेतो. नंदा, वय ४७, ठाण्यात राहते. आई जाऊन दीड वर्ष झालं, वडील त्याच्या कितीतरी आधी गेले. कराड तालुक्यात दीड एकर, म्हणजे ६० गुंठे ऊस. भाऊ सुरेशने फोन करून सांगितलंय की हक्कसोडपत्र, म्हणजे जमिनीतला आपला हिस्सा सोडल्याचा कागद, करायचंय, मंगळवारी ये. ती निघाली आहे.

लिहायला बसण्याआधी

एक वही, शक्यतो हाताने लिहायची. लॅपटॉप पाचव्या टप्प्यापर्यंत उघडू नका. स्क्रीनवर अक्षर सुबक दिसतं आणि कच्चं वाक्यही पक्कं वाटायला लागतं. रोज एक तास धरला तर कथेला साधारण तीन आठवडे लागतात. एका बैठकीत लिहिलेली कथा मी अजून तरी न कापता छापायला पाठवलेली नाही.

कथेचं नाव आत्ता ठेवू नका. “ऋणानुबंध”, “सांजवेळ”, “उंबरठा” ही नावं आधी ठरली की कथा त्यांच्या मागे फरपटत जाते.

टप्पा १: हिशेबाचं पान

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे “दिलं”, उजवीकडे “घेतलं”. मुख्य पात्राच्या बाजूने लिहा. शक्य तिथे आकडा, महिना, वस्तू. “प्रेम दिलं” असं लिहायला बंदी.

नंदाचं पान असं होईल:

दिलं: आईच्या औषधांना दरमहा २,५०० रुपये, सहा वर्षं. भाच्याला बारावीनंतर ठाण्यात ठेवून घेतलं, अकरा महिने. विहिरीच्या मोटरीला ४०,००० रुपये, परत मागितले नाहीत.

घेतलं: लग्नाचा खर्च दादाने केला, त्यासाठी म्हैस विकली. आईच्या पाटल्या. दर दिवाळीला साडी. पहिलं बाळंतपण माहेरी.

आता दुसऱ्या पानावर हाच हिशेब वहिनीच्या बाजूने लिहा. हे पान लोक हमखास टाळतात. वहिनी लिहील: सासूचं अंथरुणातलं सगळं दोन वर्षं केलं. पाटल्या मात्र नणंदेला गेल्या. तिने मोटरीला पैसे दिले ते गावभर सांगितले. भाच्याला ठेवून घेतलं ते खरं, पण तो तिथे भांडी घासायचा हे मुलाने आल्यावर सांगितलं.

बघा, खलनायिका गायब झाली. दोन्ही पानं खरी आहेत आणि ती एकमेकांना जुळत नाहीत. कथा त्या न जुळण्यात आहे.

तपासणी: दोन्ही पानांवर प्रत्येकी निदान एक नोंद अशी हवी, जी समोरच्याला माहीतच नाही. इथे भांडी घासण्याची गोष्ट नंदाला माहीत नाही की वहिनीला ती कळलीय. अशी नोंद सापडत नसेल तर पात्रं अजून ओळखीची झालेली नाहीत. पुढे जाऊ नका.

टप्पा २: एक काम, एक दिवस

लघुकथेला आयुष्य पेलत नाही, एक दिवस पेलतो. हिशेबातून एक असं काम निवडा, जे त्या दिवशी करावंच लागेल आणि ज्याला वेळेची हद्द आहे. कागदावर सही. वर्षश्राद्धाचा स्वयंपाक. आईचं कपाट रिकामं करणं. भाड्याचं घर सोडताना डिपॉझिट परत घेणं. वडिलांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेऊन आणणं.

काम जितकं रुक्ष, तितकं बरं. माणसं भावनेविषयी बोलायला बसली की खोटी बोलतात. झेरॉक्सच्या रांगेत उभी राहिली की खरी बोलतात.

सावधान: मृत्यू हे काम नव्हे. “रात्री दोनला फोन वाजला” ही सुरुवात मला दर हंगामात सापडते. मेलेल्या माणसाची डायरी सापडणं, पत्र सापडणं, कपाटात जपून ठेवलेला स्वेटर सापडणं हेही नको. त्यात मुख्य पात्राला काही करावं लागत नाही. वाचायचं आणि रडायचं, बस.

टप्पा ३: कामाची माहिती काढा

निवडलेलं काम प्रत्यक्षात कसं होतं ते माहीत करून घ्या. घरगुती कथांमध्ये कायद्याची, दवाखान्याची, बँकेची वर्णनं जुन्या सिनेमातून आलेली असतात. नंदाच्या कथेपुरतं सांगतो.

हक्कसोडपत्र सहहिस्सेदाराने सहहिस्सेदाराच्या लाभात करायचं असतं आणि ते दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावं लागतं. लिहून देणाऱ्याला हजर राहावं लागतं. दोन साक्षीदार लागतात. तिथे वेबकॅमवर फोटो निघतो आणि अंगठा शाईत न बुडवता काचेच्या यंत्रावर टेकवायचा असतो. नोंदणी झाली म्हणजे त्याच क्षणी सातबाऱ्यावरून नाव गेलं असं होत नाही. फेरफार (सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद) धरला जातो, नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, मग नोंद प्रमाणित होते. कथेत “तिने सही केली आणि सातबाऱ्यावरून तिचं नाव कायमचं पुसलं गेलं” हे वाक्य आलं, की ज्याने हे काम केलंय तो वाचक तिथेच हसतो.

हक्काबद्दलही पात्राच्या तोंडी काय घालताय ते बघा. हिंदू वारसा कायद्याच्या सप्टेंबर २००५च्या दुरुस्तीपासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्माने सहदायाद, म्हणजे मुलासारखीच वाटेकरी, आहे आणि ११ ऑगस्ट २०२०च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, वडील त्या २००५च्या तारखेला हयात नव्हते म्हणून तो हक्क बुडत नाही. भाऊ “तुझं लग्न झालं, आता कसला हक्क” असं म्हणू शकतो, माणसं म्हणतातच. पण आजच्या कथेतला वकील तसं म्हणाला तर चूक लेखकाची. कथा १९९८मध्ये घडत असेल तर गणित वेगळं: महाराष्ट्राची स्वतःची दुरुस्ती २२ जून १९९४ला लागू झाली होती आणि त्याआधी लग्न झालेल्या मुलींना तिचा लाभ नव्हता. दोन सख्ख्या बहिणी, एकीचं लग्न मे १९९४मध्ये, दुसरीचं त्याच डिसेंबरात. यावर कोणी कथा लिहिली तर मला वाचायला आवडेल.

यातलं किती कथेत येईल? दोन-तीन ओळी. बाकीचं तुमच्यापाशी राहील, पण त्यामुळे त्या दोन ओळी पक्क्या होतील. मला तर माहिती काढतानाच प्रसंग सापडतो. अंगठा टेकवून झाल्यावर नंदा सवयीने रुमाल काढते, पुसायला जाते. शाई नसतेच. हे घरबसल्या सुचलं नसतं.

टप्पा ४: कोण कोणाला काय म्हणतं

या टप्प्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि येणाऱ्या कथांमध्ये सगळ्यात जास्त ढिसाळपणा इथेच असतो. मराठीत नातं सर्वनामात असतं. ते आधी ठरवलं नाही तर संवाद लिहिताच येत नाही.

वहीत एक चौकट आखा. प्रत्येक पात्र बाकीच्या प्रत्येकाला समोर काय म्हणतं, पाठीमागे काय म्हणतं आणि क्रियापद कोणतं वापरतं.

नंदा सुरेशला समोर “दादा”, आणि “तू”. सुरेश तिला “नंदे”, चिडला की “नंदा”. वहिनी नंदाला “ताई” आणि “तुम्ही”. नंदा वहिनीला “वहिनी” आणि “तुम्ही”, पण ठाण्यात नवऱ्याशी बोलताना “दादाची बायको”. एवढ्या दोन शब्दांत पंचवीस वर्षं आली.

लोक काय चुका करतात ते सांगतो. सून सासूला तोंडावर “सासूबाई” म्हणते. आजच्या किती घरांत असं ऐकलंय तुम्ही? “आई” म्हणतात, “मम्मी” म्हणतात, काही घरांत काहीच न म्हणता नुसतं “अहो, ऐकलंत का” यावर भागवतात. ते काहीच न म्हणणं फार बोलकं असतं. एकत्र कुटुंबात वाढलेली मुलं स्वतःच्या आईला “वहिनी” किंवा “काकू” आणि वडिलांना “अण्णा” म्हणतात, कारण घरात तेच ऐकलेलं असतं. वडिलांना “तुम्ही” की “अरे बाबा”, हे घराघरावर आणि पिढीवर ठरतं. एकाच कथेत ते दोन्ही आले तर कारण हवं.

आणि हे कारणच तुमचं हत्यार आहे. सगळी कथा नवऱ्याला “अहो” म्हणणारी बाई एका ठिकाणी “अरे” म्हणते, तेव्हा तिच्यात काय बदललं ते तुम्हाला सांगावं लागत नाही. उलटंही: “तू” वरून “आपण बसावं” वर आलेला भाऊ.

“आपलं” आणि “आमचं” यांतला फरक तर आपल्याला फुकटात मिळालाय. सकाळी स्कूटरवर सुरेश म्हणतो, “आपल्या विहिरीचं पाणी खाली गेलंय यंदा.” दुपारी सही झाल्यावर कार्यालयाबाहेरच्या चहाच्या टपरीवर तोच म्हणतो, “आमच्या उसाला तोड लवकर आली.” त्याच्या मनात काही नाही. जीभ वळली. नंदाने ऐकलं, वाचकाने ऐकलं. इथे लेखकाने “तिच्या काळजात चर्र झालं” असं लिहिलं की सगळं मातीत गेलं.

तपासणी: संवादांमधली नावं झाकून ते मोठ्याने वाचा. कोण बोलतंय ते नुसत्या सर्वनामांवरून आणि क्रियापदांवरून कळलं पाहिजे.

बोलीबद्दल थोडक्यात. ज्या भागात राहिला नाहीत तिथली बोली पानभर लिहू नका. दोन-तीन रूपं नेमकी ठेवा आणि तीच शेवटपर्यंत सांभाळा. वऱ्हाडी “करून राहिला” आणि मालवणी “खंय” एकाच गावात भेटतात अशा कथाही मी वाचल्या आहेत. नंदा “इकडं, तिकडं” म्हणेल. ठाण्यात पंचवीस वर्षं काढल्यावर “इकडे” ही म्हणेल. माहेरी पोचल्यावर तिची भाषा किती वेळात “इकडं” वर येते, हेही लिहिण्यासारखं.

टप्पा ५: सांगणारा कोण

आता लॅपटॉप उघडा, पण आधी दोन गोष्टी ठरवा.

पहिली: “मी” की “ती”? मराठीत “मी” म्हटलं की क्रियापद लगेच सांगतं बाई की पुरुष. मी गेले, मी गेलो. पहिल्या परिच्छेदात हे आलं पाहिजे, नाहीतर वाचक लेखकाच्या नावावरून समज करून घेतो आणि दुसऱ्या पानावर अडखळतो. “मी दार उघडलं, मी चहा केला” अशा वाक्यांत लिंग कळत नाही. नवखे लेखक नकळत सलग सहा-सात अशी वाक्यं लिहून जातात. कोल्हापूरकडच्या बायका “मी येतो” म्हणतात. तशी निवेदक असेल तर कथेसोबत संपादकाला एक ओळ कळवा, नाहीतर मुद्रितशोधन करणारा माणूस ते भक्तिभावाने “सुधारून” ठेवेल.

दुसरी: काळ. “ती उठते. खिडकीशी जाते. पडदा सारते.” ही मालिकेच्या पटकथेची सवय. वर्तमानकाळ लिहायचा असेल तर लिहा, पण मग पूर्वीच्या गोष्टी सांगताना काय करणार ते आधी एका परिच्छेदात करून बघा. बहुतेकांना साधा भूतकाळच झेपतो आणि तोच शोभतो.

मी नंदाची कथा “ती” मध्ये लिहीन. “मी” मध्ये नंदा स्वतःची बाजू मांडत बसेल आणि वहिनीचं पान बुडेल.

टप्पा ६: पहिला खर्डा, चार प्रसंगांत

२,५०० शब्दांच्या कथेत चार प्रसंग बसतात. मोजून घ्या: ४००, ७००, ९००, ५००.

१. एसटीतून उतरणं, दादाची स्कूटर. (“आपल्या विहिरीचं पाणी.”)
२. घर. चहा, वहिनी, न बोललेली गोष्ट.
३. निबंधक कार्यालय. रांग, साक्षीदार, अंगठा.
४. टपरी आणि परतीचा रस्ता.

सुरुवात कामाच्या शक्य तितकी जवळ करा. ठाण्यात गजर वाजणं, आरसा, चहाचा कप घेऊन खिडकीत उभं राहून पाऊस बघणं, यातलं काहीही नको. नंदा एसटीच्या पायरीवरून उतरतेय, इथून.

मागची गोष्ट सांगायची वेळ येईलच. नियम एकच: समोर एखादी वस्तू असल्याशिवाय मागे जायचं नाही, आणि गेलात तर पाच ओळींत परत यायचं. अंगणात मोटर दिसली, चाळीस हजारांचं दोन ओळींत आलं, संपलं. “तिला तो दिवस आठवला…” म्हणून तीन पानं मागे गेलेली कथा परत येईपर्यंत स्कूटरवरचा सुरेश ताटकळलेला असतो.

दुसऱ्या प्रसंगातला एक तुकडा दोन प्रकारे लिहून दाखवतो. साधारण असं येतं:

“नंदाला फार वाईट वाटलं. ज्या घरात आपण लहानाचे मोठे झालो, ते घर आता आपलं राहिलं नाही, या जाणिवेने तिच्या डोळ्यांच्या कडा पाणावल्या.”

आणि असं येऊ शकतं:

“वहिनींनी ताट बाहेर आणलं. दोन स्टीलचे पेले आणि एक कपबशी. कपबशी त्यांनी नंदापुढे ठेवली. ‘पाहुण्यांना आधी,’ म्हणाल्या आणि हसल्या. नंदाने पेला उचलला. कपबशी दादाकडे सरकवली.”

घरच्याला पेला, पाहुण्याला कपबशी. हे ज्याच्या घरात झालंय त्याला वेगळं समजावून द्यायला नको. ज्याच्या घरात झालेलं नाही त्यालाही सरकवण्यावरून कळतं.

तपासणी: खर्डा झाल्यावर “वाटलं”, “जाणवलं”, “कळून चुकलं”, “जाणीव झाली” हे शब्द शोधा आणि मोजा. प्रत्येक ठिकाणी विचारा: इथे हातात काय होतं? पेला, पिशवी, पावती, किल्ली. सगळे शब्द जाणार नाहीत, जायलाही नकोत, पण दहातले सात जातात.

टप्पा ७: बदल कुठे ठेवायचा

नंदा बदलते हे खरं, पण ते शेवटच्या परिच्छेदात जाहीर करायचं नाही. बदल म्हणजे तिने आजवर न केलेली एक लहानशी कृती. त्यासाठी आधी सवय दाखवावी लागते. सवय पहिल्या प्रसंगात पेरली नाही, तर शेवटची कृती कोणाला दिसणारच नाही.

तीन शेवट बघू.

नंदा सही करायला नकार देते. टाळ्या मिळतील. पण ती ठाण्याहून सही करायलाच आली आहे. मध्ये असं काय घडलं की तिने कार्यालयात तमाशा करावा? एका कपबशीने ते पेलत नाही.

नंदा सही करते, भाऊ गहिवरतो, दोघं आईच्या फोटोपुढे उभी राहतात. यात दोन्ही हिशेबाची पानं फाडून टाकली गेली.

नंदा सही करते. तिची सवय अशी की माहेरी आली की एक रात्र राहायचं. पहिल्याच प्रसंगात दादाने तिची पिशवी उचलून “नऊवारी गोधडी भरून आणलीस का” असं चिडवलेलं आहे. आता परतीच्या वाटेवर फाटा येतो. दादा सवयीने घराकडे वळायला लागतो. ती त्याच्या खांद्यावर बोट ठेवते. “इकडं नको, दादा. स्टँडकडं घे.”

मी तिसरा घेईन. रुसवा म्हणा, हिशेब चुकता केला म्हणा, काय ते वाचकाने ठरवावं. “घे” मधलं “तू” मात्र तसंच आहे, हे मी मुद्दाम राखलंय. तिथे “घ्या” आलं असतं तर नातंच तुटलं असतं, आणि ते मला नको होतं.

सावधान: शेवटच्या ओळीनंतर आणखी एक ओळ लिहायचा मोह होतो. एसटी सुटली, धूळ उडाली, माहेर मागे पडत गेलं… लिहा आणि लगेच खोडा.

टप्पा ८: कापाकापी

कथा आठ दिवस बाजूला ठेवा. मग पहिला परिच्छेद आणि शेवटचा परिच्छेद झाकून वाचा. दहापैकी आठ वेळा कथा सुधारलेली असते.

त्यानंतर विशेषणं. “प्रेमळ आई”, “कष्टाळू बाबा”, “कजाग सून” यांतलं विशेषण काढल्यावर जर पात्र कोसळत असेल, तर पात्र लिहिलंच गेलेलं नाही. टप्पा १ कडे परत.

टप्पा ९: ओळखीची माणसं झाका

हे मी स्वतः चुकून शिकलो. एका कथेत मी मावशीचं नाव बदललं, गाव बदललं, मुलाची मुलगी केली, आणि निर्धास्त झालो. अंक हातात पडल्यावर तिचा फोन आला. “बाकी सगळं तुझं, पण तो कुंकवाचा पोचा पडलेला पितळी डबा माझा आहे.” पुढे दोन वर्षं ती माझ्याशी कामापुरतं बोलली. माणसं नावाने ओळखू येत नाहीत, वस्तूने आणि लकबीने येतात.

म्हणून नावाआधी वस्तू बदला. मग व्यवसाय, मग भावंडांची संख्या आणि क्रम. शक्य असेल तर गुपित एकाच्या घरातलं आणि स्वभाव दुसऱ्याच्या घरातला घ्या. आजार, व्यसन, जात, पैशांचे गोंधळ, लग्नातल्या भानगडी अशा गोष्टी खऱ्या माणसाला चिकटण्याजोग्या राहत असतील तर ती कथा सध्या वहीतच राहू द्या. “कथा काल्पनिक आहे” ही तळटीप घरच्यांपुढे चालत नाही.

टप्पा १०: शुद्धलेखन, फाइल, पाठवणी

निवेदनात “केले” आणि “केलं” यांची सरमिसळ नको. दोन्ही चालतं; एक निवडा. संवादात बोलीचं रूप ठेवा. साहित्य महामंडळाचे लेखननियम १८च आहेत (१४ नियम १९६२चे, ४ नंतर १९७२मध्ये जोडलेले), एका संध्याकाळी वाचून होतात. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका माफ होतात, पण पात्राचं नाव कथेत दोनदा बदललेलं माफ होत नाही. हे हसण्यावारी नेऊ नका; सुरेशचा रमेश झालेला मी पाहिलाय.

फाइल युनिकोडमध्ये द्या. जुन्या फॉन्टमधून रूपांतर केलं असेल तर “दुसऱ्या”, “सगळ्या”, “तऱ्हा” हे शब्द शोधून बघा. “दुसऱ्या”चं “दुसर्या” झालेलं असलं की सगळी फाइल पुन्हा वाचावी लागते. वर्ड फाइलसोबत पीडीएफही जोडा, म्हणजे तिकडे अक्षरं फुटली तरी मूळ काय होतं ते कळतं. पहिल्या पानावर कथेचं नाव, तुमचं नाव, फोन, शब्दसंख्या. स्वतःच्या लेखनप्रवासाची दीड पानी ओळख नको.

दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्याआधीच सुरू होते. जुलैअखेरपर्यंत कथा पोचलेली बरी. गणपतीत पाठवलेली कथा बहुधा पुढच्या वर्षाची. शब्दमर्यादा अंकागणिक वेगळी, तेव्हा आवाहन नीट वाचा. एकच कथा एका वेळी दोन ठिकाणी पाठवू नका. आणि आधी फेसबुकवर किंवा व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नका. अनेक संपादक ती प्रकाशित झाली असंच धरतात.

हक्कांचं एवढं लक्षात ठेवा. कथेचा कॉपीराइट ती लिहिल्यापासून तुमचाच असतो, त्याला नोंदणी सक्तीची नाही. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी सही लागते, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ५ वर्षं धरली जातात. कोणी “सर्व माध्यमांचे सर्व हक्क” असं लिहिलेला कागद पुढे केला तर ऑडिओ आणि चित्रपटाचं काय, ते सहीआधी विचारा. सगळी कथा नंदाला सहीपाशी नेण्यात घालवलीत. स्वतःच्या सहीच्या वेळी घाई नको.

उत्तराची वाट दसऱ्यापर्यंत बघा. त्यानंतर एक ओळीचं पत्र: कथा वापरत नसाल तर मी ती दुसरीकडे पाठवतो. बहुतेक संपादक या ओळीला उत्तर देतात.